दुसऱ्या गिअरची खरखर

जून २०२२ मध्ये आमच्या अमरावती-अकोला रस्त्याचं नाव जगभर गेलं. पंचाहत्तर किलोमीटर डांबराचा थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला, गिनेसमध्ये विक्रमाची नोंद झाली. त्याच रस्त्यावरच्या मूर्तिजापुरात माझे थोरले बंधू मेकॅनिक आहेत. एका जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स उतरवून पुन्हा बसवायला त्यांना तीन दिवस लागले. आज त्या तीन दिवसांविषयी सांगतो.

पिकअप त्यांच्या मुलाची, कापूस जिनिंगवर पोचवणारी. दुसरा गिअर टाकला की खरखर व्हायची, चढावर तो आपोआप सुटायचा. दिवाळी तोंडावर, वेचणी सुरू. मुलगा म्हणाला, "भंगारात देतो. अब्बांना आता ऐकूच येत नाही, ते काय रोग ओळखणार?"

खरं होतं ते. चाळीस वर्षांच्या ठोकाठोकीनं भाईजानचे कान गेले आहेत. पण ओठ त्यांना वाचता येतात. ते काही बोलले नाहीत. मुलाला गाडी चालवायला लावली आणि गिअरच्या दांडीवर तळहात ठेवून शेजारी बसले.

मग काम सुरू झालं. मी कवी माणूस, बॅटरी धरण्यापुरता. गाडीच्या बॅटरीची तार काढली, तेल सोडलं. काळ्या तेलात पितळेची सोनेरी चमक होती. भाईजाननी ती मुलाला बोटावर घेऊन दाखवली. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सोडला, खाली जॅक लावला, बोल्ट काढले. "घाई नाई कराची. सरळ मांगं घे. वजन लटकलं का क्लच प्लेट वाकते."

डब्बा उघडला. फिरणाऱ्या दोन भागांचा वेग आधी घर्षणानं जुळवायचा, मगच दात दातात जाऊ द्यायचे, हे काम एका पितळी रिंगचं. तिच्या आतल्या बारीक रेघा झिजल्या की दात दातावर आपटतात. जुनी रिंग गिअरवर दाबली, तर मधली फट संपलेली. आपटून आपटून दातांची टोकंही गोल झाली होती, म्हणून गिअर सुटत होता. मुलगा अकोल्याहून रिंग आणि गिअर घेऊन आला. नवी रिंग दाबली, तेव्हा फटीत नख मावलं. क्लच प्लेट नीट मध्यावर धरून, नवं बेअरिंग घालून डब्बा चढवला.

तिसऱ्या संध्याकाळी गाडी बडनेऱ्याच्या दिशेनं निघाली. भाईजानचा हात पुन्हा दांडीवर. दुसरा गिअर पडला. खरखर नाही, हे मी ऐकलं. त्यांनी मात्र माझ्याकडे न पाहताच हात उचलून घेतला.

परवा गॅरेजात गेलो, तर एका गिऱ्हाइकाच्या जीपमध्ये मुलगा दांडीवर तळहात ठेवून बसला होता. डोळे मिटलेले. भाईजान बाहेर उभे राहून त्याच्याकडे पाहत होते.