अविवाहित मिळवते आणि प्राप्तिकराची वजावट
(मंडळाच्या भिवंडी येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या ज्ञातीतील अनेक तरुण-तरुणींच्या शिरी विवाहापूर्वीच घराचा भार येतो. कोणी नोकरी करतो, कोणी वडिलोपार्जित माग चालवितो. अशा एकट्या मिळवत्याने प्राप्तिकर न्याय्य मार्गाने कसा कमी करावा, हा आजचा विषय.

१९५५ साली अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी करमुक्त उत्पन्नाची १,५०० रुपयांची मर्यादा विवाहितांसाठी २,००० केली आणि अविवाहितांसाठी १,००० वर आणली. संसारी माणसाचा खर्च अधिक, ही त्यामागील दृष्टी. तो भेद आता उरलेला नाही. पतिपत्नींचीही आकारणी स्वतंत्रच होते. तेव्हा अविवाहिताने पाहावयाचे ते इतकेच की, दोन करपद्धतींपैकी आपणास हितकर कोणती.

जुन्या पद्धतीत वजावटी पुष्कळ आहेत. भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विमा इत्यादींसाठी दीड लाखापर्यंत. स्वतःच्या आरोग्यविम्यासाठी २५,००० पर्यंत. मातापित्यांच्या विम्यासाठी आणखी २५,०००, आणि ते साठी ओलांडलेले असल्यास ५०,०००. मातापिता आपल्यावर अवलंबून असलेच पाहिजेत असे नाही. मात्र हप्ता रोखीने भरल्यास वजावट मिळत नाही.

आता हिशेब पाहा. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये एका कन्येचे वार्षिक वेतन ९ लाख आहे. वरील सर्व वजावटी, म्हणजे २,२५,०००, आणि ५०,००० ची प्रमाणित वजावट घेऊनही जुन्या पद्धतीत उपकरासह ३९,००० रुपये कर येतो. नव्या पद्धतीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ८,२५,००० उरतात. १२ लाखांपर्यंत करसूट असल्याने कर शून्य! मग केवळ कर वाचावा म्हणून नको असलेली पॉलिसी गळ्यात बांधून घेण्यात काय हशील? विमा अवश्य घ्यावा, पण आईवडिलांच्या दुखण्यासाठी घ्यावा. शेअर्सच्या ज्या नफ्यावर स्वतंत्र दराने कर लागतो, त्यास ही सूट नाही, हेही ध्यानी ठेवावे.

घरभाडे मोठे असेल वा वेतन अधिक असेल, तर दोन्ही हिशेब मांडून पाहावेत. पगारदारास दरवर्षी पद्धत निवडता येते. धंदेवाल्यास तशी मोकळीक नाही. मागवाल्यांसाठी दुसरी सोय आहे: उलाढाल २ कोटींपर्यंत असल्यास, बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के व रोखीच्या किमान ८ टक्के नफा दाखवून आकारणी करून घेता येते. रोखीचा व्यवहार सोडण्यात असा प्रत्यक्ष लाभ आहे.

एक इशारा. परतावा मिळवून देतो म्हणून खोट्या देणग्या व खोटे भाडे दाखविणारे मध्यस्थ गल्लोगल्ली भेटतात. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने देशभर १५० ठिकाणी झडती घेतली, ती अशाच खोट्या वजावटींपायी. उत्पन्न चुकीचे दाखविल्यास बुडविलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि तो मध्यस्थाच्या नव्हे, सही करणाऱ्याच्या माथी बसतो.

तरुण मित्रहो, कायद्याने दिलेले सोडू नका आणि न दिलेले मागू नका. विवरणपत्र स्वतः वाचा, पावत्या जपून ठेवा. घामाचा पैसा घरच्यांच्या उपयोगी पडो.