नवा स्क्रू, जुनी बंदूक: सुटा भाग 'बसवायचा' म्हणजे नक्की काय?

(ऑडिओ एपिसोडचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

हेडफोन लावलेत ना? आज आपण जुन्या लष्करी रायफलींबद्दल बोलणार आहोत. घाबरू नका, गोळ्या झाडायच्या नाहीयेत. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची एखादी रायफल हातात आली, तिचा एक स्क्रू गायब, लाकूड सडलेलं, कडी तुटलेली, तर तिला परत उभं कसं करायचं? पार्ट कुठून आणायचा? आणि तो बसला नाही तर कानस कोणाला लावायची, नव्याला की जुन्याला?

मी कोडिंग करून पोट भरतो. त्यामुळे मला हा सगळा प्रकार ओळखीचा वाटतो. जुनी सिस्टीम, डॉक्युमेंटेशन नाही, लिहिणारा माणूस केव्हाच गेला, आणि तुम्हाला त्यात एक नवा मॉड्यूल बसवायचाय. अगदी तेच!

काठमांडूचा साठा

२००३ मध्ये दोन अमेरिकन कंपन्यांनी नेपाळ सरकारकडून काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा विकत घेतला. एका जुन्या राजवाड्यात वर्षानुवर्षं रचून ठेवलेल्या पन्नास हजारांहून जास्त बंदुका. त्यात ब्रिटिश बनावटीच्या होत्या, तशाच खुद्द नेपाळात बनलेल्याही होत्या. आपल्या आजच्या गोष्टीची हिरोईन त्यांच्यातलीच एक: गहेंद्र रायफल.

झालं असं की, १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री नावाची रायफल स्वीकारली. १८५७ नंतर इंग्रजांचं धोरण असं की नवं हत्यार आधी गोऱ्या पलटणींना, हिंदी शिपायांना एक पिढी जुनं. नेपाळला तर हवं ते मिळणं आणखी अवघड. मग राणा घराण्यातले जनरल गहेंद्र शमशेर यांनी घरच्या घरी तोडगा काढला. बाहेरून जवळजवळ मार्टिनी-हेन्रीसारखीच दिसणारी, पण आतून वेगळी रायफल. मार्टिनी-हेन्रीत गुंडाळीची स्प्रिंग होती, गहेंद्रमध्ये चपटी पट्टीची.

आता रिस्टोअर करणाऱ्याची पहिली अडचण इथेच. दिसायला सारखी, म्हणून मार्टिनी-हेन्रीचा पार्ट आणला तर आतल्या भागात तो बसतच नाही. बरं, मग दुसऱ्या गहेंद्रचा काढून लावू? तोही बऱ्याचदा बसत नाही! कारण या रायफली हाताने घडवलेल्या. कारागिराने प्रत्येक भाग त्याच एका बंदुकीत घासून-घासून बसवलेला. मॉडेल एक, पण प्रत्येक नग वेगळा.

आणि आपल्यासाठी एक मजा सांगतो. या रायफलींवर देवनागरी अक्षरं आणि आकडे आहेत. परदेशातले संग्राहक तक्ता समोर ठेवून ते लावत बसतात, आपण सरळ वाचू शकतो! फक्त सन विक्रम संवतातला असतो, हे लक्षात ठेवायचं. '१९४२' दिसलं म्हणजे दुसरं महायुद्ध नाही. साधारण ५७ वजा करा, इसवी सन १८८५ येईल.

सारखे पार्ट ही कल्पनाच नवी

कुठल्याही दुकानातून आणलेला स्क्रू बसतो, याची आपल्याला इतकी सवय आहे की त्यात काही विशेष वाटत नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्येही तसं नव्हतं.

१८५३ च्या पॅटर्नची एनफिल्ड घ्या. हो, तीच, काडतुसांवरून १८५७ मध्ये भडका उडाला ती. कॅलिबर ०.५७७ इंच, म्हणजे साडेचौदा मिलिमीटरच्या थोडं वर. सुरुवातीला ती बर्मिंगहॅम आणि लंडनचे कंत्राटदार हातकामाने बनवत. पुढे एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकन यंत्रं आली आणि एका बंदुकीचा पार्ट दुसरीत बसायला लागला. पण कंत्राटदारांचं हातकाम चालूच राहिलं. म्हणून आज एकाच मॉडेलच्या दोन एनफिल्ड टेबलावर ठेवल्या, तर एकीला सुटा भाग सहज बसतो, दुसरीला नाही. हातकामाच्या बंदुका उघडल्या की स्क्रूंवर आणि भागांवर कानशीने मारलेल्या बारीक रेघा सापडतात. कुठला स्क्रू कुठल्या भोकाचा, याची ती कारागिराची खूण.

मग बसवायचं कसं?

नियम एकच, आणि तो पाठ करून ठेवा: कानस लावायची ती नव्या भागाला. जुन्याला कधीच नाही.

उदाहरण घेऊ. गहेंद्रचा एक स्क्रू हरवलाय. भोकातले आटे हाताने पाडलेले, आजच्या कुठल्याच मापात न बसणारे. सोपा मार्ग काय? भोक थोडं मोठं करा, त्यात आजच्या मापाचे आटे पाडा, बाजारातला स्क्रू लावा. दहा मिनिटांचं काम. पण त्या दहा मिनिटांत शंभराहून जास्त वर्षं टिकलेला पुरावा गेला. तो कारागीर कोणत्या मापाने काम करत होता, हे आता कोणालाच कळणार नाही. या कामाला अनडू नाही.

योग्य मार्ग म्हणजे भोकाचं माप घ्या, आट्यांचा ठसा घ्या आणि लेथवर त्या मापाचा नवा स्क्रू पाडा. यात कदाचित अख्खा दिवस जाईल. जाऊ दे.

दस्त्याच्या लाकडाचंही तसंच. ब्रिटिश रायफलींना बहुतेक अक्रोडाचं लाकूड. नवा तुकडा घालायचा तर तोही अक्रोडाचा, आणि त्याच्या रेषा जुन्या लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच हव्यात. लोखंडी भागाला काजळी लावायची, नव्या लाकडात दाबायचा, उचलायचा. जिथे काळं लागलं तिथे लाकूड जास्त आहे. पटाशीने तेवढंच खरवडायचं, परत काजळी, परत दाबायचं. हे किती वेळा? मोजू नका. शेवटी जवसाचं तेल, पातळ हाताने.

आणि लाकडाला नुसता खड्डा पडला असेल तर आधी ओलं फडकं आणि गरम इस्त्री लावून बघा. दबलेले तंतू वाफेने फुगून पुष्कळदा वर येतात. पार्टची गरजच पडत नाही!

दुरुस्ती हाही इतिहास

आता जरा अवघड प्रश्न. 'मूळ रूप' म्हणजे नक्की कोणतं?

१८६६ च्या सुमारास इंग्रजांनी त्याच जुन्या एनफिल्डच्या नळीचा मागचा भाग कापून तिथे बिजागरीचं झाकण बसवलं. मागून भरायची स्नायडर तयार झाली. म्हणजे स्नायडर हीच मुळात एक जुगाड दुरुस्ती! ती 'मूळ रूपात' आणायची म्हणून परत एनफिल्ड केली, तर तो इतिहास पुसणं झालं.

आपल्याकडचं उदाहरण आहे इछापूरचं. कोलकात्याजवळच्या इछापूरच्या रायफल कारखान्याने .३०३ ली-एनफिल्डचं पुढचं लाकूड फुटू नये म्हणून त्यातून एक आडवा स्क्रू घातला. हीच .३०३ आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी ती २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निवृत्त केली. जगभरचे संग्राहक त्या स्क्रूला 'इछापूर स्क्रू' म्हणतात. काहींना तो डाग वाटतो, आणि ते चकाचक लाकूड आणून बदलून टाकतात. मला तो सहीसारखा वाटतो. कोणीतरी इथे बसून विचार केला होता, त्याची सही.

म्हणून दुसरा नियम: जे बदललं ते लिहून ठेवा. नव्या भागावर, बाहेरून न दिसणाऱ्या बाजूला, आजचा सन कोरा. काढलेला तुटका भाग फेकू नका, पिशवीत घालून चिठ्ठीसकट जपा. आपण कमिट मेसेज लिहितो ना, तसंच. कारण सगळे नंबर जुळणाऱ्या रायफलीला जास्त भाव येतो, आणि नव्या पार्टवर जुना नंबर ठोकून विकणारेही असतात. काम तेच, हात तेच. खूण ठेवली तर ते रिस्टोरेशन, लपवली तर फसवणूक.

एक महत्त्वाचं

हे ऐकून आजोबांच्या माळ्यावरची बंदूक उघडायला बसू नका! १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे सुटे भागही येतात. जुनाट किंवा पुरातन मूल्याच्या हत्यारांना कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ते हत्यार दुरुस्ती करूनही चालण्यासारखं नसेल तरच. म्हणजे 'दुरुस्ती' हाच शब्द तुम्हाला कायद्याच्या पलीकडे नेऊ शकतो. आणि नळी, ब्रीच, स्प्रिंग यांना हात लावणं हा घरी करायचा उद्योगच नाही. आधी कायदा जाणणाऱ्याला विचारा, मग पोलिसांकडे नोंदीचं बघा.

पण काजळी, पटाशी आणि 'नव्याला घास, जुन्याला नको' हे तत्त्व कुठेही चालतं. आजीचं शिवणयंत्र असो, जुनं घड्याळ असो, नाहीतर वाड्याचा दरवाजा. तुमच्या घरात अशी अर्धवट राहिलेली एखादी वस्तू असेल, तर तिचा कुठला भाग हरवलाय ते मला कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातलीच एखादी घेऊ.

तोवर, काळजी घ्या. भेटूया!