उरलेले औषध
(वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवीपर्यंत शिकलेली मी. चूल आणि गोठा एवढेच माझे जग. पण मंडळाचा आग्रह मोडवेना, म्हणून माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते.

आमच्या खोंडाला खरूज झाली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिनची सुई टोचली व गुण आला. बाटलीत थोडे औषध उरले, ते मी फडताळात जपून ठेवले. पुढे धाकटीच्या मांजराच्या पिलाच्या कानात किडे झाले. किडा तो किडाच, असे म्हणून मी अर्धा मिलीलिटर औषध दुधातून पाजले. संध्याकाळी पिलू झोकांड्या खाऊ लागले. लाळ गळू लागली, बुबुळे मोठी झाली, समोरची वाटी दिसेना.

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, हे औषध ५० किलो वजनाला एक मिलीलिटर लागते. तुम्ही २५ किलोंचे औषध एका किलोच्या जिवाला दिलेत. याला उतारा नाही." त्यांनी सलाईन लावले, ऊब दिली, पण तिसऱ्या दिवशी पिलू गेले. मुलगी मला एका शब्दाने बोलली नाही. तेच जास्त लागले.

औषध वाईट नव्हे. जपानच्या मातीतील जिवाणूपासून ते निघाले. त्या शोधासाठी ओमुरा व कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वाईट होता तो माझा अंदाज.

म्हणून सांगते, गुराचे औषध कुत्र्यामांजराला देऊ नका. आधी जनावराचे वजन करा आणि मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या. कॉली व तिच्या जातभाई मेंढपाळ कुत्र्यांत जन्मजात दोष असतो, त्यांना गुराच्या मात्रेनेही विषबाधा होते. दुभत्या गाईम्हशीला तर विचारल्याशिवाय देऊच नका. औषध दुधात उतरते आणि तेच दूध आपली मुले पितात. कुत्र्याच्या पिसवांचे परमेथ्रिन असलेले औषधही मांजराला लावू नये, तेही त्याच्या जिवावर बेतते.

उरलेले औषध ओढ्यात ओतू नका, पाण्यातले जीव मरतात. ते दवाखान्यात नेऊन विचारा.

भगिनींनो, काटकसर आपल्या रक्तात आहे. भाकरीचा तुकडा जपावा, पण औषधाची बाटली जपू नये. आज घरी गेल्यावर आपले फडताळ एकदा पाहा, एवढीच विनंती करून मी रजा घेते.