न्हाण आणि मातृत्व



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे आपणांपैकी काहींना वाटेल. पण एके काळी आपल्याच घरांत तो वाजतगाजत साजरा होत असे. मुलीला न्हाण आले की तिला मखरात बसवीत, सुवासिनी तिची ओटी भरीत, गोडधोड होई. लग्न आधीच उरकलेले असे. तेव्हा लगोलग गर्भाधानाचा मुहूर्त पाहत. त्या समारंभाला फलशोभन म्हणत. त्या नावातच एक समजूत दडलेली आहे. फूल आले, आता फळ धरायला हरकत नाही! ही समजूत खरी किती, एवढेच मी आज पाहणार आहे.

या समजुतीपायी एकदा सारा देश ढवळून निघाला होता. १८८९ मध्ये कलकत्त्यास फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या संगाने मरण पावली. कायद्यातील संमतिवयाची मर्यादा तेव्हा दहाच वर्षांची, म्हणून पतीवर बलात्काराचा आरोप टिकू शकला नाही. पुढे १८९१ मध्ये ही मर्यादा बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असे टिळकांचे म्हणणे. तर शास्त्रांचा आधार या सुधारणेला आहे, हे डॉ. भांडारकरांनी ग्रंथ उघडून दाखविले. विरोधकांचा मोठा मुद्दा हा की, बाराच्या आत न्हाण आले तर गर्भाधानाचा काळ चुकेल. म्हणजे न्हाण हीच मातृत्वाची सिद्धता, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

पण आपला जुना वैद्य असे म्हणत नव्हता. सुश्रुताने ऋतुदर्शनाचे वय बारा सांगितले आहे आणि सोळा वर्षांच्या आतील स्त्रीच्या ठायी गर्भ राहिला तर तो दगावतो किंवा दुबळा निपजतो, असेही बजावले आहे. बारा आणि सोळा! मधली ही चार वर्षे आम्ही विसरलो.

आजचे वैद्यक त्या चार वर्षांविषयी काय सांगते? पहिली पाळी येते तेव्हा बहुधा बीजकोशातून स्त्रीबीज सुटलेलेच नसते. गर्भाशयाचे अस्तर वाढते आणि गळून पडते, एवढेच. पहिल्या एक-दोन वर्षांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाळ्या अशा निर्बीज असतात. याचा अर्थ त्या काळात गर्भ राहतच नाही, असा मात्र कोणी घेऊ नये; क्वचित पहिल्या पाळीच्या आधीही बीज सुटते. आणि धोका तेथेच आहे. कारण मुलीची उंची अजून वाढत असते, आणि बाळाला वाट देणारी कटीची हाडे तर त्यानंतरही काही वर्षे रुंदावत असतात. दार किलकिले झाले म्हणून घर बांधून पुरे झाले, असे कोणता गवंडी म्हणेल?

आता दुसरी समजूत घ्या. न्हाण लवकर आले तर कूस लवकर आटेल, उशिरा आले तर मुलगी वांझ निघेल, असे बायका आपसांत बोलतात. हिशेब पाहा. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजे असतात. वयात येईपर्यंत तीनचार लाख उरतात, आणि जन्मभरात पक्व होऊन सुटतात ती अवघी चारपाचशे. बाकीची पाळी येवो न येवो, आपोआप विरून जातात. तेव्हा एखादे वर्ष आधी सुरुवात झाल्याने कोठार रिते होत नाही. अकराव्या वर्षी किंवा त्याही आधी पाळी आलेल्या स्त्रियांत ती लवकर जाण्याचा संभव थोडा अधिक आढळतो, हे खरे. पण ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. लग्नाची घाई करण्याचे ते कारण नव्हे. पंधरा वर्षे पुरी होऊनही पाळी आली नाही तर तपासून घ्यावे. पुष्कळदा त्यावर उपाय असतो.

युरोपात दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुलींना सोळाव्या-सतराव्या वर्षी न्हाण येई. आज तेथे आणि येथेही ते तेराव्या वर्षाच्या आसपास येते. मुख्य कारण एवढेच की अन्न सुधारले आणि बालपणीची दुखणी कमी झाली. न्हाणाचे वय ही घरच्या चुलीची साक्ष आहे, मुलीच्या कुशीची कुंडली नव्हे.

मूल होत नाही त्याची कारणे पुष्कळदा वेगळीच असतात: स्त्रीचे पस्तिशीपुढचे वय, बंद झालेल्या गर्भनलिका, आपल्या देशात तर जननेंद्रियांचा क्षयही. आणि पुरुषातील दोष! मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्यांच्या आसपास ठिकाणी त्याचा वाटा असतो. पण तिथी विचारतात ती सुनेच्या न्हाणाची. मुलाला तपासायला कोणी नेत नाही.

मुलीच्या लग्नाचे वय १९२९ मध्ये चौदा झाले, १९४९ मध्ये पंधरा आणि १९७८ मध्ये अठरा. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे बावीस टक्के अठराच्या आतच बोहल्यावर चढलेल्या आढळल्या. गरिबी, हुंडा, ऊसतोडीचे स्थलांतर ही कारणे आहेतच. पण त्यांच्याबरोबर ते जुने वाक्यही ऐकू येते, "न्हाण आले, आता किती दिवस घरात ठेवायची?"

माझे उत्तर सोपे आहे. मखराची हौस असेल तर जरूर बसवा. तिला गूळशेंगदाणे, पालेभाजी, दूध पोटभर द्या. काय घडते आहे ते आईने न लाजता समजावून सांगा. आणि दुसऱ्या दिवशी दप्तर देऊन शाळेत पाठवा. फूल आले आहे. फळाची घाई झाडाला नाही, ती आपल्याला आहे.