मेंदूतील दाह : राखणदार पेशी आणि त्यांची रासायनिक भाषा

(आरोग्य सेविका, अंगणवाडी सेविका व प्राथमिक शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पायात बाभळीचा काटा रुतला की दुसऱ्या दिवशी त्या जागेला लाली येते, सूज चढते, ती जागा गरम लागते आणि ठणकू लागते. दाहाची ही चार लक्षणे पहिल्या शतकातील सेल्सस या रोमन लेखकाने नोंदवून ठेवली आहेत. वैद्यकाच्या परिभाषेत या अवस्थेला शोथ असे म्हणतात. तो स्वतः आजार नव्हे. आजाराशी शरीराने मांडलेल्या झुंजीची ती खूण होय. काटा निघाला, जंतू मेले, की सूज ओसरते आणि आपण ती विसरूनही जातो.

परंतु हीच सूज कवटीच्या आत आली तर? पायाला फुगण्यास जागा असते, मेंदूला ती नसते. मेलेल्या कातडीच्या जागी नवी कातडी येते. मेलेली चेतापेशी मात्र, अगदी थोडे अपवाद सोडले तर, पुन्हा निर्माण होत नाही. म्हणूनच मेंदूतील दाह हा विषय जपानी मेंदूज्वराच्या निमित्ताने आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. मी कला शाखेचा पदवीधर आहे. शास्त्रज्ञांनी जे परिश्रमाने शोधून काढले, ते सोप्या मराठीत आपल्यापर्यंत पोचविणे एवढेच माझे काम.

मेंदूचे जागले

माणसाचा मेंदू सुमारे १,४०० ग्रॅम वजनाचा असतो आणि त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. विचार, स्मृती, बोलणे, चालणे ही सारी कामे या पेशी करतात. त्यांच्या आजूबाजूला दुसऱ्या प्रकारच्या पेशी दाटीने वसलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकातील पंडितांना त्या केवळ जागा भरून काढणारा सरस वाटल्या, म्हणून त्यांना 'ग्लिया' हे सरस या अर्थाचे ग्रीक नाव मिळाले. या गर्दीत एक निराळी जात आहे, हे १९१९ साली पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश संशोधकाने चांदीच्या क्षाराने पेशी रंगवून दाखवून दिले. या बारीक, अनेक फांद्या असलेल्या पेशींना त्याने मायक्रोग्लिया हे नाव दिले. मेंदूतील एकूण पेशींपैकी साधारणतः ५ ते १० टक्के पेशी या जातीच्या असतात.

या पेशी मूळच्या मेंदूच्या नव्हेत. गर्भाच्या अगदी आरंभीच्या काळात पीतक कोशात त्यांचे पूर्वज जन्मतात आणि तेथून मेंदूत येऊन कायमचे वस्तीला राहतात, असे उंदरांवरील प्रयोगांतून २०१० साली स्पष्ट झाले. रक्तातील भक्षक पेशींच्या त्या दूरच्या भाऊबंद होत.

शांत अवस्थेतील मायक्रोग्लिया निवांत पडून असतात अशी पूर्वी समजूत होती. २००५ साली जिवंत उंदराच्या मेंदूत विशेष सूक्ष्मदर्शकाने पाहिले असता ती समजूत पार खोटी ठरली. पेशीचे शरीर जागेवर असते, पण तिच्या फांद्या सतत हलत, लांबत, आखडत असतात आणि आपल्या हद्दीचा कोपरा न् कोपरा तपासत राहतात. पूर्वी गावात रात्री जागल्या गस्त घालीत असे, तसाच हा प्रकार. काही तासांच्या अवधीत साऱ्या मेंदूची एक फेरी या गस्तीतून पुरी होते.

आलबेल आणि आरोळी

जागल्याला खबर मिळते ती रसायनांच्या भाषेत. निरोगी चेतापेशी आपल्या अंगावर फ्रॅक्टलकाइन नावाचे प्रथिन बाळगते. त्याची ओळख पटवणारा ग्राही मायक्रोग्लियावर असतो. या दोहोंची गाठ पडत राहिली की 'आलबेल' असा संदेश मिळतो आणि जागल्या शांत राहतो.

संकटाचा संदेश वेगळा असतो. एटीपी हे पेशीच्या आतील ऊर्जेचे चलनी नाणे. पेशी फुटली की ते बाहेर सांडते. घरातील धान्य रस्त्यावर सांडलेले दिसले की घर फुटले हे जसे कळते, तसेच बाहेर सांडलेले एटीपी ओळखून मायक्रोग्लियाच्या फांद्या काही मिनिटांत जखमेच्या दिशेने धावतात आणि तिच्याभोवती कडे करतात. जीवाणू व विषाणू यांच्या अंगावरील खुणा ओळखणारे ग्राहीही या पेशींजवळ असतात.

अशी खूण पटली की पेशीच्या केंद्रकातील विशिष्ट जनुके जागी होतात. फांद्या आखडतात, पेशी जाड होते आणि सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने बाहेर सोडू लागते. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ ही त्यांतील प्रमुख नावे. काही संदेश शेजारच्या पेशींना सावध करतात, तर काही रक्तातील पांढऱ्या पेशींना मेंदूत पाचारण करतात. इंटरल्यूकिन-१ सारख्या संदेशांमुळे मेंदूतील तापमान-केंद्राच्या परिसरात प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि आपल्याला ताप चढतो. याबरोबर नायट्रिक ऑक्साइडसारखी दाहक द्रव्येही सुटतात.

शत्रू हटला की इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा हे शमन करणारे संदेश प्रभावी होतात. मायक्रोग्लिया मेलेल्या पेशींचा कचरा गिळून टाकतात आणि पुन्हा फांद्या पसरून गस्तीला लागतात. आरोळी द्यावी, धावून जावे, काम संपताच शांत व्हावे, हा या व्यवस्थेचा निसर्गनियम.

कुंपण शेत खाते तेव्हा

परंतु आरोळी थांबली नाही तर काय होते? एका पेशीने सोडलेला टीएनएफ दुसरीला चेतवतो, दुसरीचा तिसरीला. शत्रूसाठी सोडलेली दाहक द्रव्ये शेजारच्या निरोगी चेतापेशींनाही भाजतात. त्या फुटल्या की आणखी एटीपी सांडते आणि आणखी आरोळी उठते. रक्त आणि मेंदू यांच्यामधील तटबंदी सैल होते, पाणी आत झिरपते आणि सूज वाढते. २०१७ साली उंदरांवरील प्रयोगांत असेही दिसले की, चेतलेल्या मायक्रोग्लियाने सोडलेले तीन विशिष्ट रेणू ॲस्ट्रोसाइट नावाच्या पोषक पेशींचे रूपच पालटून टाकतात. एरवी चेतापेशींना सांभाळणाऱ्या या पेशी मग त्यांच्या जिवावर उठतात. कुंपणानेच शेत खाल्ले अशी आपल्याकडे म्हण आहे. ती येथे अक्षरशः लागू पडते.

जपानी मेंदूज्वराचा धडा

जपानी मेंदूज्वर हा याचे ठळक उदाहरण होय. भारतात हा रोग प्रथम १९५५ साली वेल्लोर येथे ओळखला गेला. भातखाचरांसारख्या साचलेल्या पाण्यात वाढणारे क्यूलेक्स डास डुकरे व बगळे यांच्याकडून हा विषाणू माणसांपर्यंत आणतात. बहुतेकांना लागण होऊनही काही त्रास होत नाही. साधारण २५० जणांत एकाला गंभीर आजार होतो. मात्र तो झाला तर दगावण्याचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत जाते, आणि जे वाचतात त्यांतील ३० ते ५० टक्के रुग्णांना आकडी, पांगळेपणा, वाचादोष किंवा मतिमांद्य यांपैकी काही ना काही कायमचे भोगावे लागते.

ही हानी एकट्या विषाणूने केलेली नसते. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील डॉ. अनिर्बान बसू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवून दिले की, या आजारात चेतलेल्या मायक्रोग्लियातून बाहेर पडणारी द्रव्ये चेतापेशींचा मृत्यू घडवितात. मग ही आग शमविता येईल काय? मिनोसायक्लिन हे जुने, परिचित प्रतिजैविक मायक्रोग्लियाला आवर घालते. २००८ साली याच केंद्रात ते आजारी उंदरांना दिले असता त्यांचा बचाव झाला. आशा वाढली. परंतु लखनौ येथे मेंदूज्वराच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, या औषधाने मृत्यू निश्चितपणे कमी होतात असे सिद्ध होऊ शकले नाही. प्रयोगशाळेत उंदराला लागण केव्हा झाली ती घटका माहीत असते. खेड्यातील मूल रुग्णालयाच्या पायरीशी येते तेव्हा आग कधीची भडकलेली असते.

मग हे जागले काढूनच टाकले तर? तोही प्रयोग झाला. २०१८ साली उंदरांच्या मेंदूतील मायक्रोग्लिया औषधाने नाहीसे करण्यात आले. तेव्हा मेंदूतील विषाणू वाढले आणि अधिक उंदीर दगावले. म्हणजे जागल्यावाचून गाव सुरक्षित नाही, आणि बेभान जागल्या असला तरीही नाही. त्याची आरोळी योग्य वेळी कशी शमवावी, हाच आज जगभरच्या संशोधकांपुढील प्रश्न आहे. अल्झायमरच्या आजारात म्हाताऱ्या माणसांची स्मृती का झिजते, याचा शोधही आता याच पेशींभोवती फिरत आहे.

आपल्या हातातील गोष्टी

बंधुभगिनींनो, या विषाणूवर नेमका उतारा अद्याप उपलब्ध नाही. यातून एकच निष्कर्ष निघतो : आग विझविण्यापेक्षा ती लागूच न देणे अधिक शहाणपणाचे. जपानी मेंदूज्वराची लस आहे. त्यांतील एक देशी लस, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने कोलार येथील रुग्णापासून वेगळ्या केलेल्या विषाणूपासून तयार झालेली असून, २०१३ साली ती वापरात आली. ज्या जिल्ह्यांत ही लस नियमित कार्यक्रमात समाविष्ट आहे तेथे पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. एकही मूल सुटणार नाही, हे पाहणे आपल्या हाती आहे. डासांपासून बचाव, झोपताना मच्छरदाणी आणि डुकरांचे कोंडवाडे वस्तीपासून दूर, या साध्या गोष्टींचे मोलही तितकेच आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. जोराचा ताप, त्याबरोबर आकडी, बरळणे किंवा गुंगी दिसली तर अंगारा-धुपाऱ्यात एक घटकाही दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मुलाला रुग्णालयात पोचवावे. तेथे आकडी थांबवून, श्वास सांभाळून आणि मेंदूवरील दाब उतरवून आगीची झळ कमी करता येते.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी. या आजारातून उठलेले मूल वर्गात परत येते तेव्हा कधी त्याचा हात थरथरतो, कधी पाढे आठवत नाहीत, कधी ते विनाकारण चिडते. ते मूल आळशी नाही, हट्टीही नाही. त्याच्या मेंदूत एक लढाई होऊन गेली आहे आणि काही पेशी त्या लढाईत कामी आल्या आहेत. उरलेल्या पेशी मात्र सराव मिळाला तर नवे जोड जुळवू शकतात. म्हणून त्याला मागच्या बाकावर बसवू नका. पुढे बसवा, पुन्हा पुन्हा शिकवा, आणि उपचार व व्यायाम यांसाठी त्याला पुनर्वसन केंद्राकडे पाठवा.

मेंदूतील जागले डोळ्यांत तेल घालून रात्रंदिवस पहारा करतात. गावात तेच काम आपण करावे, एवढीच माझी विनंती आहे.