खटका पडतो तो कशासाठी?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बेळगावकडच्या ऊसपट्ट्यात गळीत हंगामाची चाहूल लागते. उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कारखान्याच्या फाटकाशी रांग धरतात, धुराडे धूर सोडू लागते आणि पुढले काही महिने कारखाना दिवसरात्र जागा राहतो. पाहुण्याला तेथे दाखविले जातात ते ऊस पिळणारे प्रचंड रूळ, रस आटविणारी भांडी आणि शुभ्र दाणे वेगळे करणारी यंत्रे. परंतु जी एक बंद खोली अडून बसली तर या साऱ्यांचा गाडा अडतो, तिकडे मात्र सहसा कोणी फिरकत नाही.

त्या खोलीत पत्र्याच्या उभ्या कपाटांची एक ओळ असते. हेच मोटर-नियंत्रण केंद्र. कपाटांच्या आतून तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या, म्हणजे बसबार, गेलेल्या असतात; त्यांतून 415 व्होल्टांचा तीन फेजचा प्रवाह खेळतो. प्रत्येक मोटरसाठी एकेक कप्पा राखलेला असतो आणि त्यात मुख्य स्विच, फ्यूज, काँटॅक्टर व ओव्हरलोड रिले अशी चौकडी नांदते. स्विच मोटरला पुरवठ्यापासून वेगळे करतो. शॉर्टसर्किट होऊन क्षणात प्रचंड प्रवाह उसळला तर फ्यूज स्वतः जळून पुढचा अनर्थ टाळतो. काँटॅक्टर बटणाच्या हुकमाने मोटर चालू-बंद करतो. आणि मोटर बेताबाहेर प्रवाह घेत राहिली, तर काही वेळ वाट पाहून रिले खटका पाडतो.

रिलेचे हे वाट पाहणे विचारपूर्वक ठरविलेले आहे. डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की या अभियंत्याने 1889 मध्ये सिद्ध केलेली तीन फेजची मोटर मोठी दणकट. पण थेट चालू करताना ती काही क्षण नेहमीच्या सहापट प्रवाह ओढते. तेवढ्याने रिलेने बिचकून चालत नाही. मोटरचा खरा वैरी उष्णता. तारांवरील आवरण ठरलेल्या मर्यादेपेक्षा सतत 10 अंश सेल्सियसने अधिक तापले, तर त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा कारागिरांचा ढोबळ हिशेब आहे. रिलेतील दोन धातूंची पट्टी त्याच उष्णतेच्या मापाने वाकते आणि मोटर जळण्यापूर्वी तिला थांबविते.

आता मध्यरात्रीचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. रसाचा पंप एकाएकी थांबतो. टाकी भरून वाहू लागते. पाळीचा प्रमुख धावत येतो आणि विचारतो, "मेस्त्री, पंप अजून बंद का?" वायरमन रिलेचे बटण दाबतो, पंप फिरतो आणि दहा मिनिटांत पुन्हा बसतो. बटण पुन्हा दाबले जाते. तिसऱ्या खेपेस कोणी तरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन रिलेची तबकडी वरच्या आकड्यावर सरकवितो. पंप आता थांबत नाही, सर्वांना हायसे वाटते आणि पहाटे मोटरमधून जळक्या वार्निशाचा वास येऊ लागतो. रिलेने तीनदा साक्ष दिली होती. साक्षीदाराचेच तोंड बंद केले गेले.

वस्तुतः कारण शोधण्यास फार वेळ लागत नाही. टाँगटेस्टर लावून तिन्ही तारांतील प्रवाह मोजावा आणि मोटरच्या पाटीवरील आकड्याशी ताडून पाहावा. तिन्ही प्रवाह सारखे, पण तिन्ही अधिक असतील, तर बहुधा दोष विजेचा नसून यंत्राचा असतो: बेअरिंग धरले आहे, ग्लँड गच्च आवळला आहे किंवा पंपात काही अडकले आहे. एका तारेत प्रवाह नाही आणि उरलेल्या दोहोंत तो वाढला आहे, असे दिसले तर एक फेज गेला असे समजावे. चालती मोटर अशा स्थितीतही फिरत राहते, पण तेवढ्याच भारासाठी दोन तारांतून सुमारे पावणेदोनपट प्रवाह घेते. थांबलेली मोटर नुसती घुमते, सुटत नाही. मग फ्यूज, काँटॅक्टरचे स्पर्शबिंदू आणि तारांची टोके तपासावीत. तिन्ही प्रवाह योग्य असूनही खटका पडत असेल, तरच रिलेकडे संशयाने पाहावे. त्याची मर्यादा चुकीची लावली आहे काय, की शेजारच्या सैल जोडाची धग त्याला लागते आहे?

हा सैल जोड दिसायला क्षुल्लक असतो. पन्नास अँपियर प्रवाह वाहणाऱ्या जोडाचा रोध ओहमचा शंभरावा भाग झाला, तरी तेथे 25 वॉट उष्णता निर्माण होते. डाख देण्याच्या लहान हत्याराइतकी ही धग रात्रंदिवस एका बोल्टवर धरलेली असते. जोड तापतो, तापल्याने अधिक सैल होतो आणि सैल झाल्याने अधिक तापतो. अलीकडे उष्णता दाखविणाऱ्या कॅमेऱ्याने असे जोड चालू भारावर दुरूनच ओळखता येतात. ते आवळताना मात्र पुरवठा बंद हवा आणि जोर पान्यावर नेमून दिलेल्या मापाचा हवा. अति आवळल्यानेही बोल्ट मोडतो.

काँटॅक्टर घरघरू लागला तरी तीच गत. पन्नास आवर्तनांचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. त्या क्षणी चुंबकाची पकड सुटू नये म्हणून त्याच्या मुखावर एक लहानसे तांब्याचे कडे बसविलेले असते. ते तुटले, मुखावर धूळ बसली किंवा बटणाच्या मंडलातील दाब उतरला की घरघर सुरू होते. काळवंडलेले चांदीचे स्पर्शबिंदू पाहून काहींचा हात काचकागदाकडे जातो. तो आवरावा. तो काळेपणा प्रवाहाला अडवीत नाही. घासल्याने मात्र चांदी झिजते.

या सर्वांहून मोठी गोष्ट माणसाच्या जिवाची. कप्प्याचा स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या टोकाशी बसबारचा प्रवाह जागाच असतो. दुसऱ्या मंडलातून आलेली नियंत्रणाची एखादी तारही जिवंत असू शकते. म्हणून स्विच बंद करून त्याला कुलूप घालावे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी आणि पाटी टांगावी. टेस्टर प्रथम निश्चित जिवंत असलेल्या जागी, नंतर कामाच्या जागी व शेवटी पुन्हा पहिल्या जागी लावून पाहावा, म्हणजे टेस्टरच बिघडल्याचा धोका उरत नाही. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे हा तर अक्षम्य अपराध होय. शॉर्टसर्किटच्या वेळी ती तार वितळत नाही, आणि ज्वाळा उघड्या कपाटासमोरच्या माणसावर झेपावते.

हंगाम संपतो आणि पावसाळा येतो. कपाटे थंड पडतात, ओल धरतात आणि उंदरांना आसरा देतात. खऱ्या निगेचा काळ हाच. बगॅसची भुकटी हवेच्या झोताने उडविल्यास ती आणखी आत शिरते; ती ओढून घेणारे यंत्र वापरावे. तारा शिरण्याची भोके बुजवावीत. इलेक्ट्रॉनिक उपकरणे सोडवून मेगरने 500 व्होल्टांवर एक मिनिट आवरण तपासावे; रोध एक मेगओहमच्या खाली असेल, तर मोटर प्रथम सुकवावी. आणि प्रत्येक कप्प्याचे आकडे एका वहीत तारीखवार लिहावेत. गेल्या वर्षी वीस असलेला आकडा यंदा तीनवर आला, ही गोष्ट ती वहीच सांगू शकते.

तोडलेला ऊस थांबत नाही. वाळतो आणि त्यातील साखर घटते. म्हणूनच मध्यरात्रीची घाई खोटी नसते. पण पाच मिनिटे मोजमापात गेली तर पंप अर्ध्या तासात चालू होतो. तीच पाच मिनिटे वाचविली तर मोटर बांधून येईपर्यंत टाकी रिकामी राहते. खटका पडला की बोट बटणावर जाण्यापूर्वी त्याचे कारण विचारले जावे, एवढेच त्या खोलीतील रिले मागत असतो.