पिशवी काढण्याआधी विचारायचा एक प्रश्न

आज कोडिंगबद्दल नाही, आईबद्दल बोलणार आहे. तिला विचारूनच.

आम्ही खालापूर तालुक्यातले. आई 49 वर्षांची. भाताच्या लावणीपासून कापणीपर्यंत तिच्या अंगावरून जात होतं, आणि ती म्हणायची, "वयच आहे रे." शेवटी वहिनीने मला सांगितलं. एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि लगेच सल्ला मिळाला: पिशवी काढून टाका.

मला बीड आठवलं. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न 2019 मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. 13 हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढल्याचं पाहणीत समोर आलं. म्हटलं, थांबूया. खोपोलीहून लोकल पकडली आणि मुंबईत दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं.

त्या म्हणाल्या, "आधी आतल्या अस्तराच्या पेशी बघू." साधारण 3 मिलिमीटर जाडीची, प्लास्टिकची लवचीक नळी असते, पिपेल. ती गर्भाशयाच्या तोंडातून आत सरकवतात. नळीतला दांडा मागे ओढला की अस्तराचे तुकडे आत खेचले जातात. ते लॅबला जातात. भूल लागत नाही, काही मिनिटांचं काम. पाळीसारखी कळ मात्र येते. जुनी पद्धत म्हणजे क्युरेटिंग: सहसा भूल देऊन, तोंड रुंद करून अस्तर खरवडायचं.

आता गोम ऐका. दोन्ही पद्धतींत आत दिसत काही नाही. एखाद्या कोपऱ्यातला मस्सा सुटू शकतो. आपल्या सगळ्या टेस्ट पास झाल्या तरी बग राहतोच ना, तसंच. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला आणि रक्तस्राव चालूच राहिला, तर पुन्हा जायचं. तेव्हा हिस्टेरोस्कोपी करतात, म्हणजे दुर्बिणीतून बघून नेमका तिथलाच तुकडा घेतात.

आणि पॅप स्मिअर वेगळी. ती गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, अस्तराची नाही.

आईला कॅन्सर नव्हता. गोळ्या सुरू झाल्या, पिशवी जागेवर आहे. कधीकधी काढावी लागतेही, पण आधी विचारा: "अस्तराचा तुकडा तपासायला हवा का?" आणि पाळी कायमची थांबल्यावर एक डाग जरी दिसला, तरी डॉक्टर गाठायचा.

हा भाग संपला की घरी एक फोन करा. आई स्वतःहून सांगणार नाही. भेटूच!